अकरावी-बारावीत मध्येच विषय बदलणे (कोल्हापूर विभाग): जागांचा हिशोब, प्रात्यक्षिकं, अर्ज, प्री-लिस्ट

प्रयोगवही (धागाकर्ता)

अकरावीचा निकाल लागला की कनिष्ठ महाविद्यालयांच्या ऑफिसबाहेर एकच प्रश्न ऐकू येतो, "गणित सोडून बायो मिळेल का?" कुणाला बायो सोडून भूगोल हवा असतो, कुणाला कॉम्प्युटर सायन्स झेपत नसतं, कुणाला विज्ञानच नको झालेलं असतं. खिडकीतून मिळतं ते दोन ओळींचं उत्तर. म्हणून हा धागा. ज्यांना हे काम आतून माहीत आहे त्यांनी भर घालावी. कॉलेजांची तुलना कृपया इथे नको.

आधी सहा जागांचं गणित. राज्य मंडळाच्या बारावीला १०० गुणांचे सहा विषय असतात, एकूण ६००. पहिली जागा इंग्रजीची, ती हलत नाही. दुसरी जागा दुसऱ्या भाषेची (मराठी, हिंदी, संस्कृत वगैरे) किंवा तिच्याऐवजी आयटीची. उरलेल्या चार वैकल्पिक विषयांच्या. भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र असे चारही घेतले तर चार जागा भरल्या. गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक नसेल तर तिथे भूगोल किंवा कॉलेजात असलेला दुसरा विषय बसतो. आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा हे सक्तीचे असले तरी श्रेणीचे आहेत, या सहांत धरायचे नाहीत.

म्हणजे "अमुक सोडायचाय" एवढं बोलून काम होत नाही. सुटलेल्या जागेवर काय बसणार, तो विषय कॉलेजला मंजूर आहे का, आणि त्याचा तास तुमच्या बाकीच्या तासांवर येत नाही ना, हे तिन्ही जुळलं तरच पुढची चर्चा. भूगोलाच्या बाबतीत घोडं बहुतेक इथेच अडतं. विषय कला शाखेत शिकवला जात असतो आणि त्याचा तास नेमका विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाच्या वेळेला असतो.

दुसरी गोष्ट वेळेची. अकरावीची परीक्षा कॉलेज घेतं, बारावीची मंडळ. अकरावीत, त्याच शाखेत, सुरुवातीच्या आठवड्यांत विषय बदलणं हे प्राचार्यांच्या पातळीवरचं काम. बारावीत गेल्यावर कॉलेजला विभागीय मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा लागतो. आपल्याकडे ते कोल्हापूर विभागीय मंडळ. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तिन्ही जिल्हे त्याच्याकडे येतात. कॉलेज बदल, शाखा बदल, माध्यम बदल यांचे प्रस्तावही तिथेच जातात. त्यांची मुदत परिपत्रकात असते आणि ते परिपत्रक कॉलेजला येतं, पालकांना नाही. त्यामुळे बारावी सुरू झाली की पहिल्याच आठवड्यात ऑफिसात "यंदाच्या बदलाच्या तारखा काय?" असं विचारून ठेवा.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत. तिथे तुमची शाखा नोंदलेली असते. एका शाखेतला विषय बदलणं वेगळं आणि शाखाच बदलणं वेगळं. अर्जात दोन्ही एकत्र लिहू नका.

कळंब्याचा

धागा हवाच होता सर. कॉम्प्युटर सायन्स घेतलेल्यांचं नीट सांगा की. बरेच पालक धरून चालतात की सीएस सोडलं आणि बायो घेतलं, झालं काम.

द्विलक्षी

तिथेच गल्लत होते. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, क्रॉप सायन्स, ॲनिमल सायन्स अँड डेअरीइंग हे द्विलक्षी म्हणजे बायफोकल विषय २०० गुणांचे असतात. ते दोन जागा खातात: दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक. सीएसच्या मुलाचे विषय इंग्रजी, भौतिक, रसायन, गणित आणि २०० गुणांचं सीएस. मराठी नाही, बायो नाही.

त्यामुळे सीएस सुटलं की दोन विषय आत घ्यावे लागतात. एक भाषा किंवा आयटी, आणि एक वैकल्पिक. अकरावीत दोन्ही शिकवलेले नसतात. मुलगा म्हणतो "सीएस जड जातंय", आणि त्याच्या डोक्यावर दोन विषयांचा बॅकलॉग येऊन बसतो. बायो आणि मराठी असं घेतलं तर दोन नवी पुस्तकं, बायोचं ३० गुणांचं प्रात्यक्षिक आणि भाषेची २० गुणांची तोंडी व अंतर्गत परीक्षा.

सीएस जड का जातं तेही बघा. पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टीम, डेटा स्ट्रक्चर, सी प्लस प्लस, एचटीएमएल. दुसऱ्यात ८०८५ मायक्रोप्रोसेसर आणि नेटवर्किंग. लेखी ५० आणि ५०, प्रात्यक्षिकं १००. बहुतेक जण अडतात ते ८०८५ च्या असेंब्ली प्रोग्रॅमवर. तो भाग सरावाचा आहे. ठरावीक प्रकारचे प्रोग्रॅम असतात: बेरीज-वजाबाकी, ब्लॉक ट्रान्सफर, लहान-मोठा शोधणे, चढता क्रम. रोज दोन हातानं लिहून, रजिस्टरमधली किंमत प्रत्येक ओळीला शेजारी मांडली तर महिनाभरात पकड येते. निम्मे गुण प्रात्यक्षिकाचे आहेत हेही विसरू नका. जडपणा एवढाच असेल तर बदल करू नये, असं माझं स्पष्ट मत.

वैद्यकीयला जायचं पक्कं असेल तर मात्र प्रश्न वेगळा. मग बायफोकल अकरावीच्या पहिल्या महिन्यातच सोडावं. बायफोकलच्या जागा मोजक्या असल्यानं जागा सोडणाऱ्याला कुणी अडवत नाही. साध्या तुकडीत जागा आहे का एवढाच प्रश्न उरतो. अनुदानित तुकडी भरलेली असेल तर विनाअनुदानित तुकडीत जावं लागतं आणि फी बदलते. अर्ज देण्याआधी फीचा आकडा विचारून घ्या.

रंकाळावेस

+१. याच धर्तीवर आयटी सोडून मराठी घेणाऱ्यांसाठी थोडक्यात. आयटीची ८० गुणांची परीक्षा संगणकावर ऑनलाइन असते, २० प्रात्यक्षिकाचे. मराठी ८० लेखी आणि २० तोंडी-अंतर्गत. भाषेला अकरावीचा पाया लागत नाही, बारावीचं पुस्तक स्वतंत्र वाचता येतं. आयटीतून मराठीत येणं सोपं. उलट दिशा अवघड, कारण बारावीच्या आयटीत जावास्क्रिप्ट आणि पीएचपी आहे आणि त्याचं एचटीएमएल अकरावीत झालेलं असतं. शिवाय आयटीची बॅच लॅबमधल्या संगणकांच्या संख्येवर ठरते.

बिंदूचौक_पूर्व

आता मूळ प्रश्नावर या. नीट (वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा) द्यायचीय, गणित नकोय. सोडावं का ठेवावं? माझं मत, सोडावं. नीटला १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले ९० प्रश्न बायोचे म्हणजे ३६० गुण. वेळ १८० मिनिटं. गणिताला रोजचा दीड तास गेला तर तो बायोतनंच कापला जातो. बोर्डालाही गणितात कमी गुण पडून टक्केवारी खाली येते.

गणितवाली

बिंदूचौक दादा, आकडे बरोबर आहेत, निष्कर्षाशी सहमत नाही. निदान अकरावीत तरी नाही.

एक, गणित सोडलं म्हणून भौतिकशास्त्रातलं गणित सुटत नाही. बारावी भौतिकचा पहिलाच धडा घूर्णन गतीचा. मग दोलनं, एसी सर्किट. डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, व्हेक्टर, त्रिकोणमिती सगळीकडे येतं. रसायनात रेट ऑफ रिॲक्शन आणि पीएच आला की लॉग येतो. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि ते बघायची सवय गणित नसलेल्या मुलांना नसते. गणित सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण अकरावीच्या गणितातलं त्रिकोणमिती, फंक्शन्स, लिमिट्स आणि डिफरन्सिएशन एवढं तरी करून सोडा. म्हणजे अकरावीला गणित ठेवून बारावीला सोडणं.

दोन, दरवाजे. गणित नसेल तर अभियांत्रिकी बंद, आर्किटेक्चर बंद, एनडीएचं हवाई दल आणि नौदल बंद (लष्करासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते). नीटमध्ये हवे तेवढे गुण आले नाहीत की जूनमध्ये घरात चर्चा सुरू होते, आणि तेव्हा हाताशी बायोवर चालणारे कोर्सच असतात.

तीन, आणि हे फार लोकांना माहीत नसतं: बी.फार्मला भौतिक आणि रसायनाबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालतं. कृषी पदवीला, म्हणजे राहुरी विद्यापीठाच्या अखत्यारीतल्या आपल्या कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयालासुद्धा, दोन्ही गटांची मुलं जातात. फार्मसी किंवा ॲग्रीसाठी म्हणून अर्ध्यात विषय बदलणारे विनाकारण धावतात.

बिंदूचौक_पूर्व

पहिला मुद्दा मान्य ताई. लॉगचं तर शंभर टक्के. पण बारावीला सोडायचंच असेल तर अकरावीत एक वर्ष कशाला ओढायचं, हा प्रश्न उरतोच.

प्रयोगवही

कारण सोडणं सोपं, घेणं अवघड. अकरावीला चारही विषय असलेला विद्यार्थी बारावीला गणित किंवा बायो सोडून भूगोल घेऊ शकतो. बारावीचा भूगोल आठ प्रकरणांचा; लोकसंख्या, वस्त्या, प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक व्यवसाय, प्रादेशिक विकास असा. तो अकरावीच्या प्राकृतिक भूगोलावर फारसा टेकलेला नाही, नव्यानं घेणाऱ्यालाही जमतो. उलट अकरावीला बायो नसलेल्याला बारावीत बायो द्यायचं म्हटलं तर प्रस्ताव, प्रात्यक्षिकं, अकरावीचा पाया असं सगळं एकदम समोर येतं. ज्याचं अजून ठरलेलं नाही त्याला मी चारही विषय घ्यायलाच सांगेन. सीईटीलाही (राज्याची प्रवेश परीक्षा) पीसीएम (भौतिक-रसायन-गणित) आणि पीसीबी (भौतिक-रसायन-जीव) असे दोन्ही गट देता येतात.

मसाई_पठार

बारावीत नव्यानं बायो घ्यायचं ठरलंच तर अकरावीचं काय काय करावं लागतं, हे कुणीतरी धड्यांनिशी लिहा. "सगळं वाचा" या उत्तराचा काही उपयोग नाही.

शेंडापार्क_जीव

लिहितो. बारावी बायोत १५ प्रकरणं, अकरावीत १६. सगळी सारख्या वजनाची नाहीत.

अकरावीतलं आधी करायचं: पेशीरचना, बायोमॉलिक्यूल्स, सेल डिव्हिजन. या तिघांशिवाय बारावीचं इनहेरिटन्स आणि मॉलिक्युलर बेसिस उघडूच नका. मायोसिस कळला नाही तर मेंडेल पाठ होतो, समजत नाही. मग क्रॉसच्या गणितात गुण जातात.

त्यानंतर मॉर्फॉलॉजी ऑफ फ्लॉवरिंग प्लांट्स आणि प्लांट टिश्यूज. बारावीचं पहिलंच प्रकरण वनस्पतींच्या पुनरुत्पादनाचं, आणि वॉटर रिलेशनमध्ये झायलेम-फ्लोएम गृहीत धरलेलं असतं. मग ॲनिमल टिश्यू. ते झालं की कंट्रोल अँड कोऑर्डिनेशनमधला न्यूरॉन सोपा जातो.

ह्यूमन न्यूट्रिशन, एक्सक्रीशन, स्केलेटन ही बोर्डासाठी नंतर वाचली तरी चालतात. पण सीईटीला २० टक्के भार अकरावीचा असतो, आणि बायोत तो बायोमॉलिक्यूल्स, रेस्पिरेशन, न्यूट्रिशन, एक्सक्रीशन यांवर येतो. त्या वर्षीची माहितीपुस्तिका आली की यादी ताडून बघा. पीसीबी गटात २०० पैकी १०० गुण बायोचे आहेत, एकेका गुणाचे १०० प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत.

नीट द्यायची असेल तर हा शॉर्टकट विसरा. तिथे अकरावीचं एनसीईआरटी पूर्ण लागतं. वर्गीकरण, प्राणिसृष्टी, फोटोसिंथेसिस, सगळं. अकरावीला बायो न घेता बारावीत घेऊन त्याच वर्षी नीट, हे बहुतेकांना पेलत नाही. तसा बेत असेल तर बारावीनंतर एक वर्ष धरून चाला आणि ते घरात आत्ताच बोलून ठेवा.

पेपर ७० गुणांचा तीन तासांचा, प्रात्यक्षिक ३० चं. नव्यानं आलेल्या मुलांचे गुण बहुतेक आकृत्यांत जातात. नेफ्रॉन, हृदयाचा छेद, भ्रूणकोश या आकृत्या न बघता, नावांसह, सात-आठ मिनिटांत काढता आल्या पाहिजेत.

गणितवाली

उलट दिशाही लिहून ठेवते. बायो आणि भूगोल घेऊन अकरावी झाली, आता बारावीत गणित हवंय. हे बायोपेक्षा कठीण, कारण गणितात मधली पायरी गाळता येत नाही.

अकरावीचं गणित दोन भागांत, प्रत्येकी नऊ प्रकरणं. बारावीला पहिल्या भागात सात, दुसऱ्यात आठ. अकरावीतली ही प्रकरणं अटळ: त्रिकोणमितीची दोन्ही, डिटर्मिनंट अँड मॅट्रिसेस, सरळरेषा, दुसऱ्या भागातून फंक्शन्स, लिमिट्स, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन, आणि परम्युटेशन-कॉम्बिनेशन. त्याला जोडून पहिल्या भागातली प्रोबॅबिलिटी. अशी दहा झाली. प्रत्येकाला चार दिवस धरले तर ४० दिवस. अकरावीची परीक्षा एप्रिलमध्ये संपते आणि बारावी जूनच्या मध्यावर सुरू होते, तेवढ्यात हे बसतं. जूननंतर सुरुवात केली तर बसत नाही, कारण दुसऱ्या भागाचा पहिला धडाच डिफरन्सिएशनचा आहे आणि शिकवणारे अकरावीचं आलेलं आहे असंच धरून पुढे जातात.

कोनिक्स, इंडक्शन, डिस्पर्शन बोर्डासाठी बाजूला ठेवता येतं. सीईटीसाठी नंतर उचला. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, म्हणजे १०० गुण. ९० मिनिटांत ५०. वेग नसेल तर समजून काही उपयोग होत नाही, म्हणून सरावाला स्वतंत्र दोन महिने लागतातच.

आणि चुकूनही कॉमर्सचं गणित घेऊ नका. ते वेगळं आहे: विज्ञान-कलेचा विषय क्रमांक ४०, वाणिज्यचा ८८. नाव जवळजवळ सारखं असल्यानं फॉर्म भरताना चूक होते आणि ती लक्षात येते ती हॉलतिकिटावर.

पंचगंगातीर

हॉलतिकिटावरून आठवण झाली, कागदपत्रांचं लिहितो, कारण खरे घोटाळे तिथेच होतात.

अर्ज साध्या कागदावर, प्राचार्यांच्या नावे. त्यात विद्यार्थ्याचं नाव, तुकडी, जनरल रजिस्टर नंबर, सध्याचे सहाही विषय, सोडायचा विषय, घ्यायचा विषय, आणि बदलानंतरचे सहाही विषय पुन्हा. हे दोनदा लिहिणं कंटाळवाणं वाटतं, पण त्यामुळे लिपिकाला अंदाज करावा लागत नाही. सही विद्यार्थ्याची आणि पालकांची, दोघांची. सोबत अकरावीच्या गुणपत्रिकेची प्रत. नव्या विषयाच्या शिक्षकांचं "प्रवेश देण्यास हरकत नाही, मागील प्रात्यक्षिके पूर्ण करून घेऊ" असं लेखी घेतलं तर प्राचार्यांची सही लवकर होते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घ्या. ही प्रत वर्षभर सांभाळा.

त्यानंतर वर्गात बसायला लागलं म्हणजे बदल झाला असं नाही. मंडळाचा परीक्षा अर्ज कॉलेजमार्फत, ऑनलाइन नोंदलेल्या माहितीवरून भरला जातो. तिथे जुना विषय राहिला असेल तर तोच फॉर्मवर येतो. म्हणून दोन गोष्टी करा. फॉर्म भरण्याआधी ऑफिसात जाऊन स्वतःच्या नावापुढचे विषय बघा. आणि प्री-लिस्ट (भरलेल्या फॉर्मची तपासायला आलेली यादी) आली की सही करण्याआधी प्रत्येक विषय क्रमांक वाचा: भौतिक ५४, रसायन ५५, जीवशास्त्र ५६, गणित ४०. रांगेत उभं राहून न वाचता सही ठोकणारे फार असतात, आणि त्या सहीनंतर "मला माहीत नव्हतं" म्हणायला जागा राहत नाही.

हॉलतिकिटात विषय किंवा माध्यम चुकलं असेल तर दुरुस्ती कॉलेजनं विभागीय मंडळात जाऊन करायची असते. तुम्ही थेट जाऊन उपयोग होत नाही. अर्जाची आवक प्रत तेव्हा कामाला येते.

मसाई_पठार

क्लासला इंटिग्रेटेड बॅचमध्ये असलेल्यांचं काय? बॅच बदलली की विषय बदलला असं समजलं जातं.

पंचगंगातीर

अजिबात नाही. क्लासची बॅच आणि कॉलेजची नोंद यांचा एकमेकांशी संबंध नाही. नीटच्या बॅचला गेलेला मुलगा कॉलेजच्या दप्तरी अजून गणित-भूगोलाचा असू शकतो. हजेरीचा ७५ टक्क्यांचा नियम आणि प्रात्यक्षिकं दोन्ही कॉलेजकडेच मोजली जातात. बॅच बदलायची असेल त्याच आठवड्यात कॉलेजला अर्ज द्या.

प्रयोगवही

आता प्रात्यक्षिकं, माझ्या मते विषय बदलाचा निकाल इथेच लागतो. भौतिक, रसायन, जीव, प्रत्येकी ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत होते, बाहेरचे परीक्षक येतात, आणि प्रयोगवही प्रमाणित असावी लागते. ऑगस्टमध्ये आलेल्या विद्यार्थ्याचे जून-जुलैचे प्रयोग राहिलेले असतात. ते दुसऱ्या बॅचबरोबर भरून काढायचे.

कोल्हापुरात यात पावसाची भर पडते. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडली आणि ४३ ची धोक्याची पातळी जवळ आली की रस्ते बंद, गगनबावडा-पन्हाळ्याकडच्या एसट्या बंद, सुट्ट्या जाहीर. जुलै-ऑगस्टचे दोन आठवडे हिशोबातनं काढूनच टाका. पुढे गणपती, मग सहामाही परीक्षा आणि दिवाळी. दिवाळीनंतर डिसेंबर संपेपर्यंत जो वेळ उरतो त्यात सगळ्याच मुलांचे राहिलेले प्रयोग असतात, प्रयोगशाळा रिकामी मिळत नाही. म्हणून दसऱ्याच्या आत मागचे प्रयोग पूर्ण, असं धरून चाला. ते जमणार नसेल तर बारावीत प्रात्यक्षिकाचा विषय नव्यानं घेऊ नये.

राधानगरी, भुदरगडकडून रोज येणाऱ्या मुलांनी आणखी एक बघावं. नवीन विषयाची प्रात्यक्षिकाची बॅच दुपारची आहे का, आणि असेल तर परतीची गाडी कोणती. ही बारीक गोष्ट वाटते, पण तीन महिन्यांनी हजेरी यातूनच पडते.

दुधाळी

विज्ञान सोडून कॉमर्सचं कुणी बोलत नाहीये. अकरावी सायन्स पास, बारावी कॉमर्स करायचंय.

खतावणी

शाखा बदल आहे, म्हणजे मंडळाच्या परवानगीचा विषय, आणि वाणिज्य तुकडीत जागा हवी. कॉलेजही बदलत असेल तर दाखला आणि नव्या कॉलेजचं संमतिपत्र लागतं. आधी नव्याची संमती लेखी घ्या, मगच जुन्याकडून दाखला काढा. दाखला हातात आणि प्रवेश कुठेच नाही, ही अवस्था वाईट.

अभ्यासात खरा डोंगर एकच, पुस्तपालन. बारावीत भागीदारीचे अंतिम हिशोब, नवा भागीदार, निवृत्ती, मृत्यू, विसर्जन, हुंड्या, शेअर्स असं येतं. हे सगळं अकरावीच्या जर्नल, लेजर, ट्रायल बॅलन्स आणि एकल व्यापाऱ्याच्या अंतिम हिशोबावर उभं आहे. डेबिट-क्रेडिटचे नियम, मग शंभरेक जर्नल एंट्र्या हातानं, मग घसारा, मग अंतिम हिशोब. रोज दोन तास दिले तर पाच-सहा आठवड्यांत होतं. अर्थशास्त्र, ओसी (वाणिज्य संघटन), एसपी (चिटणिसाची कार्यपद्धती) बारावीपासून सुरू केलं तरी चालतं. गणित चांगलं असेल तर कॉमर्सचं गणित घ्या, सायन्सच्या मुलांना ते हलकं जातं.

पण एक विचारतो. कॉमर्स कशासाठी? सीए करायचं म्हणून असेल तर बदलाची गरज नाही. सीए फाउंडेशन कुठल्याही शाखेची बारावी झालेला देतो. बी.कॉम.लाही सायन्सची मुलं येतात. बारावी सायन्स व्यवस्थित पार पडणार असेल तर ते पूर्ण करून वळणं जास्त सरळ. सायन्समध्ये नापास व्हायची भीती असेल, मूल रोज कुढत असेल, तर मात्र लगेच बदला, आणि त्यात कमीपणा मानू नका.

बिंदूचौक_पूर्व

बारावी झाल्यावर राहिलेला विषय देता येतो का? पीसीएम घेऊन पास, आता बायो हवंय.

पंचगंगातीर

येतो. मंडळाच्या फॉर्ममध्ये त्याला "तुरळक विषय घेऊन प्रविष्ट होणारे" असं म्हणतात. बारावी उत्तीर्ण विद्यार्थी तेवढाच विषय देतो. श्रेणीसुधार ही वेगळी योजना, ती आधी दिलेल्या विषयांचे गुण वाढवण्यासाठी. दोन्हींचा घोळ करू नका, फॉर्मवरचा प्रकार चुकला की अर्ज परत येतो.

बायो असल्यानं प्रात्यक्षिकही द्यावं लागतं, म्हणून ज्या कॉलेजमार्फत फॉर्म भरणार तिथे प्रयोगांची सोय आधी बोलून घ्या. फॉर्म साधारण दिवाळीच्या आसपास भरले जातात, तिथून उलटं मोजा.

वैद्यकीयसाठी याला मोल आलं ते नोव्हेंबर २०२३ पासून. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं त्या वेळी जाहीर केलं की बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण झालेल्यालाही नीट देता येईल. त्याआधी अकरावी-बारावी दोन्ही वर्षं नियमित बायो हवं असा आग्रह होता. तेव्हा बारावीच्या ऑगस्टमध्ये घाईनं गणित सोडून बायोत उडी मारण्यापेक्षा पीसीएम व्यवस्थित पूर्ण करून पुढच्या वर्षी बायो तुरळक विषय म्हणून देणं, हाही रस्ता आहे. वर्ष जातं, पण गणितही हातात राहतं. पात्रतेला भौतिक-रसायन-जीव मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीवला ४० टक्के लागतात, शिवाय इंग्रजी उत्तीर्ण. अभियांत्रिकीला हेच आकडे ४५ आणि ४०.

कळंब्याचा

हा शेवटचा रस्ता बऱ्याच पालकांना माहीतच नसतो. प्रयोगवही सर, अकरावीत सहामाहीनंतर बदल मागितला तर?

प्रयोगवही

दिवाळीनंतर अकरावीत बदल करू नये. नव्या विषयाचं पहिलं सत्र कोरं, सहामाहीचे गुण नाहीत, चाचण्यांचे गुण नाहीत, आणि अकरावीचा निकाल त्यावरच काढायचा असतो. कॉलेजं नाही म्हणतात ते याच कारणानं. चालू विषयांत वर्ष पास करा, एप्रिल-मेमध्ये नव्या विषयाचं अकरावीचं पुस्तक हातात घ्या. बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ फुकट मिळतात. शेंडापार्क आणि गणितवाली ताईंनी वर दिलेल्या क्रमानं पहिली तीन प्रकरणं स्वतः करून बघा. तेवढं तीन आठवड्यांत झालं तर जूनमध्ये अर्ज टाका. झालं नाही तर आहे तेच विषय ठेवा.

शेंडापार्क_जीव

त्याला एक जोड. तीन प्रकरणं "वाचली" म्हणजे झाली असं धरू नका. पुस्तकामागचे प्रश्न वहीत, पुस्तक मिटून. सेल डिव्हिजनच्या सगळ्या अवस्था आकृतीसह आल्या तर पुढचं निभावतं.

गणितवाली

गणितासाठी तीच परीक्षा: अकरावीचं लिमिट्स, स्वाध्यायातली निम्मी उदाहरणं उत्तर न बघता. त्रिकोणमितीतल्या लिमिट्सना अडलात तर आधी त्रिकोणमितीकडे परत जा, पुढे जाऊ नका.